अणुरेणूंची कारागिरी

दि. २ सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीत ‘विक्रम’ ही ३२ बिटांची चिप पंतप्रधानांच्या हाती देण्यात आली, तेव्हा देशात जो आनंद प्रकट झाला तो अकारण नव्हता. मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत घडलेली ही चिप अग्निबाणांच्या उपयोगाची आहे, आणि परक्याच्या दाराशी न जाता ती घडली याचे मोल आम्ही जाणतो. मात्र या आनंदाच्या भरात एक आकडा नजरेआड होऊ नये. ही चिप १८० नॅनोमीटरच्या तंत्राने बनली आहे, आणि जगातील आघाडीचे कारखाने त्या तंत्रापाशी १९९९ च्या सुमारास पोहोचले होते. अंतराळाच्या कामी जुने, पारखलेले तंत्रच बरे, म्हणून यात उणे काढण्याचे कारण नाही. परंतु आपणांस अजून किती चालावयाचे आहे, हे त्या आकड्यावरून कळते.

मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, की त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. माणसाचा केस सुमारे ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. (बाजारात ‘३ नॅनोमीटर’ म्हणून जी चिप मिरवते, तिच्यावरील कोणत्याही एका अवयवाचे ते माप नव्हे, ते आता केवळ पिढीचे नाव उरले आहे.) या मापात वस्तू घडविण्याची कल्पना रिचर्ड फाइनमन यांनी २९ डिसेंबर १९५९ रोजी कॅलिफोर्नियातील एका व्याख्यानात मांडली व हजार हजार डॉलरांची दोन बक्षिसे लावली. इंचाच्या चौसष्टाव्या भागाएवढ्या घनात मावणारी विजेची मोटार करणाऱ्यास एक, आणि पुस्तकाचे पान २५ हजार पटींनी लहान करून लिहिणाऱ्यास दुसरे. मोटारीचे बक्षीस एका अभियंत्याने वर्षभरातच नेले. पण सूक्ष्मदर्शकाखाली, चिमट्याने, नेहमीच्याच हत्यारांनी ती घडविलेली होती. नव्या विद्येचा जन्म व्हावा ही फाइनमन यांची अपेक्षा त्यातून पुरी झाली नाही. पानाचे बक्षीस मात्र १९८५ साली, म्हणजे पंचवीस वर्षांनी, स्टॅनफर्डच्या एका विद्यार्थ्याने इलेक्ट्रॉनांच्या झोताने लिहून मिळविले. नवी विद्या आली, ती या दुसऱ्या वाटेने.

या विद्येचा आजचा कळस म्हणजे अतिजंबुपार प्रकाशाने चिपेवर रेखाटन करणारे यंत्र. कल्हईवाला ज्या कथलाने भांडी उजळतो, त्याच कथलाचे सूक्ष्म थेंब या यंत्रात सेकंदाला सुमारे ५० हजार या गतीने सोडले जातात. प्रत्येक थेंबावर लेझरचा मारा होतो. सुमारे २ लाख अंश तापमानाची ज्योत क्षणभर उठते, आणि तिच्यातून १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश निघतो. हा प्रकाश काच गिळते, हवाही गिळते. म्हणून सारा खेळ निर्वातात, आणि भिंगांच्या जागी आरसे, तेही मॉलिब्डेनम व सिलिकॉन यांचे काही नॅनोमीटर जाडीचे थर एकावर एक चढवून केलेले. आरसे जर्मनीत झाइस बनविते, यंत्र हॉलंडमध्ये एएसएमएल जुळविते, आणि जगात दुसरा कोणी ते करीत नाही. या प्रकाशाने प्रतिमा उमटविता येते हे हिरू किनोशिता यांनी जपानात १९८६ साली दाखविले. त्या तंत्राच्या चिपा बाजारातील उपकरणांत आल्या २०१९ साली. मध्ये तेहतीस वर्षे गेली. या काळात किती सरकारे आली व गेली, किती तज्ज्ञांनी हा नाद सोडा म्हणून सांगितले असेल! तरी पैसा देणारे देत राहिले आणि राबणारे राबत राहिले.

अणूंचा एकेक थर बसविण्याची विद्याही अशीच. फिनलंडच्या तुओमो सुंतोला यांनी १९७४ च्या सुमारास ती सिद्ध केली, ती प्रकाशमान पडद्यांसाठी. इंटेलने २००७ साली ४५ नॅनोमीटरच्या चिपांत हाफ्निअमच्या ऑक्साइडाचा थर घातला, तेव्हा हीच विद्या कामी आली. प्रारंभी तिचा हिशेब मागणाऱ्याला कोणते उत्तर देता आले असते?

आमचा स्वतःचा इतिहास याहून वेगळा आहे. मोहालीत १९८४ साली उत्पादन सुरू झाले तेव्हा आपण जगाच्या मागे होतो, पण हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर होतो. फेब्रुवारी १९८९ मध्ये तेथे आग लागली, आणि घडी पुन्हा बसण्यास कित्येक वर्षे गेली. आग कोठेही लागू शकते. विझल्यानंतर जी दिरंगाई झाली, ती आम्हांस आगीहून महाग पडली.

आता दिवस पालटले आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने ७६ हजार कोटींची योजना जाहीर केली; फेब्रुवारी २०२४ मध्ये धोलेरा येथील टाटांच्या ९१ हजार कोटींच्या कारखान्यास मान्यता मिळाली. तेथे २८ नॅनोमीटरपर्यंतचे तंत्र यावयाचे आहे, व ते तैवानच्या पॉवरचिपकडून. एकदम शिखरावर उडी न घेता चालत्या मापाचा माल करावयाचा, हा निर्णय आम्हांस शहाणपणाचा वाटतो. आमची तक्रार दुसरी आहे. कारखाना विकत आणता येतो. तो चालविणारा, बिघडल्यावर दुरुस्त करणारा आणि पुढचे पाऊल सुचविणारा माणूस विकत आणता येत नाही. चिपांच्या आराखड्यांसाठी ८५ हजार अभियंते तयार करण्याचे लक्ष्य सरकारने ठेवले आहे, ते योग्यच. परंतु आराखडा संगणकासमोर बसून शिकता येतो. सिलिकॉनची चकती आम्लात किती क्षण ठेवावी, हे क्लीन रूममध्ये उभे राहूनच कळते.

तशा जागा आपल्याकडे मोजक्या आहेत. पवईच्या आयआयटीत व बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अद्ययावत प्रयोगशाळा आहेत, आणि २००८ पासून एका योजनेखाली इतर महाविद्यालयांच्या संशोधकांनाही तेथे काम करता येते. आमच्या मते गेल्या दोन दशकांतील ही अत्यंत उपयुक्त योजनांपैकी एक होय, आणि तिच्याबद्दल वर्तमानपत्रांत (आमच्यासह) फारच थोडे छापून येते. परंतु क्लीन रूम ही रविवार पाळणारी वास्तू नव्हे. तिची हवा रात्रंदिवस गाळावी लागते, पाणी अतिशुद्ध ठेवावे लागते, विषारी वायूंवर पहारा ठेवावा लागतो. यंत्रखरेदीला एकदाच पैसा लागतो, आणि उद्घाटनाची फीतही एकदाच कापली जाते. फिल्टर, पंप, वायू आणि हात बसलेला तंत्रज्ञ यांचा खर्च दरसाल येतो, व त्याचे छायाचित्र कोणी काढीत नाही. आमच्या अनुदानांचा ओढा पहिल्या खर्चाकडे असतो.

कारखाने आपली माणसे आपणच तयार करतील, असे यावर कोणी म्हणेल. करतील, पण आपल्या यंत्रापुरती. पुढील तंत्र ज्यातून निघते ते असफल प्रयोग करण्याची मुभा कोणताही कारखाना देत नाही, व त्याने ती द्यावी अशी अपेक्षाही गैर आहे.

म्हणून केंद्राने कारखान्यांस द्यावयाच्या साहाय्यातील एक ठरावीक वाटा किमान पंधरा वर्षांसाठी प्रयोगशाळांच्या चालू खर्चास बांधून द्यावा, आणि तेथील तंत्रज्ञांची पदे कायम स्वरूपाची करावीत. महाराष्ट्र सरकारनेही आपल्या तंत्रनिकेतनांतील निवडक विद्यार्थ्यांस पवईत सहा महिने काम शिकण्यासाठी विद्यावेतन द्यावे. एका कारखान्याच्या सवलतींपुढे ही रक्कम नगण्य आहे. येत्या अर्थसंकल्पात ती दिसते की नाही, इकडे आमचे लक्ष राहील.