चाकूरकरांची कागदपत्रे जपा

लोकसभेचे माजी अध्यक्ष शिवराज पाटील चाकूरकर यांच्या संसदीय कार्याचे दस्तऐवज लातुरात एकत्र आणून अभ्यासकांसाठी खुले करावेत, अशी आमची ठाम भूमिका आहे.

२०२५ मध्ये अभिनेते धर्मेंद्र गेले, अभिनेत्री संध्या गेल्या, सतीश शाह आणि अच्युत पोतदार हे अभिनेतेही गेले. त्यांचे काम पडद्यावर आहे. आजचा विशीतला मुलगा ते मोबाईलवर पाहू शकतो. त्याच वर्षी १२ डिसेंबरला लातुरात निधन पावलेल्या चाकूरकरांचे मोलाचे काम मात्र कामकाजाच्या नियमांत आणि समित्यांच्या अहवालांत आहे. ते लोकसभेचे अध्यक्ष असताना, १९९३ मध्ये, विभागवार १७ स्थायी समित्या अस्तित्वात आल्या. शेती आणि रेल्वेच्या अनुदान मागण्यांची छाननी आजही अशा समित्यांतच होते. सात वेळा त्यांना निवडून देणाऱ्या लातूरच्या नव्या मतदाराला हे ठाऊक नसेल, तर खासदाराला जाब तरी कशाच्या आधारे विचारायचा?

२००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर त्यांना गृहमंत्रिपद सोडावे लागले. तो काळही या संग्रहात असलाच पाहिजे. तो वगळला, तर हाती उरेल तो केवळ गौरवग्रंथ.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने पुढाकार घ्यावा. कुटुंबीयांच्या संमतीने पत्रे व टिपणे, तर लोकसभा सचिवालयाकडून भाषणे मिळवावीत. १२ डिसेंबर २०२६ च्या पहिल्या स्मृतिदिनापूर्वी हा संग्रह विद्यापीठाच्या लातूर उपकेंद्रात खुला झाला पाहिजे.