रंगाऱ्याच्या आधी भिंतीला आपला हात लागू दे



दिवाळी जवळ आली की घरोघरी रंगाचा विषय निघतो. रंग कोणता आणि मजुरी किती, यावर आपण तासभर बोलतो. भिंती साफ कशा होणार, हे मात्र कुणी विचारत नाही. ते रंगारी बघतील!

मीही असंच म्हणाले होते. रंगाऱ्याने विचारलं, "ताई, औषध मारून घेऊ का?" मी स्वयंपाकघरातूनच हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी खोली झाडली तेव्हा सुपलीत मेलेले कोळी, मुंग्या आणि पालीचं एक पिल्लू होतं. त्या दिवशी दर्शनात मन लागलं नाही. मी कुठं मारलं, असं मनाला समजावत होते. पण कृत, कारित आणि अनुमोदना हे तिन्ही आपण लहानपणापासून ऐकतो. माझं ते "हो" कारितच होतं.

संसारात आरंभी हिंसा पूर्ण टळत नाही. भिंत धुताना, खरवडताना नकळत जीव जाणारच. पण मारायचं ठरवून औषध फवारणं ही माझ्या मते संकल्पी हिंसा आहे, आणि ती तर श्रावकाने सोडायचीच असते.

म्हणून आता रंगारी यायच्या दोन-तीन दिवस आधी भिंती मीच साफ करते. सामान हलवून आधी नीट बघते. कोळी दिसला तर कागदावर अलगद घेऊन बाहेर सोडते. मग मऊ झाडूने हळूहळू झाडते. ओट्यामागची तेलकट भिंत गाळलेल्या कोमट पाण्यात थोडा साबण घालून पुसते, नंतर साध्या ओल्या फडक्याने. साबण राहिला तर रंग नीट धरत नाही. मग भिंत पूर्ण वाळू देते. हे सगळं दिवसाउजेडी. रंगाऱ्यालाही दिवे लागायच्या आत काम थांबवायला आणि डबे झाकायला सांगते, नाहीतर उजेडाला आलेले किडे ओल्या रंगात चिकटतात.

यात वेळ जातो, हे खरं. पण भिंत स्वच्छ नसेल तर महागडा रंगही पोपडे धरतो, हे कुठलाही जुना रंगारी सांगेल.

आणि दिवाळीचाच हट्ट कशाला? पावसाळ्यात जीवोत्पत्ती जास्त म्हणून मुनिमहाराज चातुर्मासात विहार थांबवतात. त्याच दिवसांत भिंतीला ओल असते, बुरशी असते, आणि बुरशी तर आपण अनंतकाय मानतो. आधी गळती काढून घ्या, भिंत वाळू द्या आणि रंग उन्हाळ्यात द्या. दिवाळीला झाडलोट आणि दारात रांगोळी पुरे. महावीरस्वामींच्या निर्वाणाचा दिवस आहे तो. त्यासाठी घर सजवताना सुपलीभर जीव जाऊ नयेत, एवढंच मला वाटतं.

तुमच्या घरी यंदा रंग निघणार असेल, तर औषधाला "नको" म्हणायचं काम तुमचंच आहे. ते रंगाऱ्यावर सोडू नका.