इमारत एकदा, ग्रंथ दरवर्षी

ग्रंथालय उभारणे आणि ग्रंथालय चालविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा आपल्याकडे फारसा विचार होत नाही. पहिल्या कामास देणगीदार मिळतो, कोनशिला बसते, समारंभ होतो. दुसऱ्यासाठी दरवर्षी अंदाजपत्रकात रक्कम ठेवावी लागते, आणि तिचा सत्कार कोणी करीत नाही. महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे.

मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली. १८६१ ते १८६५ या काळातील यादवी युद्धामुळे अमेरिकेचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. हिंदुस्थानी कापसाचे भाव गगनाला भिडले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्या तेजीचे अग्रणी शेठ प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये आणि मातोश्री राजाबाई यांच्या नावाने मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. पुढच्याच वर्षी युद्ध संपले, बाजार कोसळला आणि खुद्द प्रेमचंदांचे दिवाळे निघाले. देणगी मात्र शाबूत राहिली. १८६९ मध्ये पायाभरणी होऊन १८७८ मध्ये वास्तू पूर्ण झाली.

परंतु वास्तू म्हणजे विद्या नव्हे. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालेले हे विद्यापीठ मुख्यतः परीक्षा घेणारी व पदव्या देणारी संस्था होते. अध्यापन महाविद्यालयांत चाले. समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये निघाला, अर्थशास्त्राचा १९२१ मध्ये. मनोरा उभा राहिल्यानंतर चार दशके लोटली, तेव्हा कुठे विद्यापीठाने या विषयांचे अध्यापन व संशोधन स्वतःच्या अंगावर घेतले. पुण्यात क्रम उलटा होता. नामदार गोखल्यांनी १९०५ मध्ये स्थापिलेल्या भारत सेवक समाजाचा ग्रंथसंग्रह आधी होता. गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० मध्ये आली. त्या संग्रहाच्या आधाराने धनंजयराव गाडगीळ व त्यांचे सहकारी संशोधन करू शकले. आज ते ग्रंथालय गाडगीळांच्याच नावाने ओळखले जाते.

आता आपल्या वैनगंगेकाठाकडे वळू. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये स्थापन झाले. तत्पूर्वी येथील महाविद्यालये १९२३ च्या नागपूर विद्यापीठाशी संलग्न होती. वडशाच्या किंवा कुरखेड्याच्या ज्या विद्यार्थ्याच्या घरी पाठ्यपुस्तकाखेरीज ग्रंथ नाही, त्याच्या दृष्टीने महाविद्यालयाचे ग्रंथालय हेच विद्यापीठ होय.

मोबाईलवर सर्व काही मिळते, मग कपाटे कशाला, असे विचारले जाते. या आक्षेपात तथ्य नाही असे नव्हे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेस तीन वर्षांसाठी सुमारे सहा हजार कोटी रुपये मंजूर केले. मात्र तिचा विषय आंतरराष्ट्रीय संशोधनपत्रिका हा आहे. मराठीतून अर्थशास्त्र वा इतिहास शिकणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्याची गरज त्याने भागत नाही. शिवाय पडद्यावरील सामग्रीलाही दरवर्षी पैसा लागतो आणि योग्य ग्रंथ सुचविणारा जाणता ग्रंथपाल लागतोच.

अर्थशास्त्राच्या भाषेत, येथे भांडवली व महसुली खर्चाची गल्लत होते. तेजीतल्या पैशाने मनोरा उभा राहतो; वाचनाची सवय लहान पण अखंड रकमेवर जगते. झाडीपट्टीचा माणूस हे जाणतो. दिवाळी उलटली की तो तिकीट काढून रात्रभर नाटक पाहतो, आणि वर्षानुवर्षांच्या या लहान रकमांवर येथील रंगभूमी उभी आहे.

यास्तव मागणी माफक आहे. प्रत्येक महाविद्यालयाने ग्रंथखरेदीची रक्कम अंदाजपत्रकात स्वतंत्र दाखवावी, ती अन्यत्र वळवू नये आणि वर्षअखेरीस हिशेब फलकावर लावावा. ग्रंथपालाचे पद एक दिवसही रिकामे ठेवू नये. संध्याकाळी वाचनकक्ष गावातील स्पर्धा-परीक्षार्थींनाही खुला असावा. माजी विद्यार्थ्यांनी एकदाच मोठी देणगी देण्यापेक्षा दरवर्षी एका पुस्तकाची किंमत द्यावी. प्रेमचंद रायचंद सर्वांना होता येणार नाही. वर्षाकाठी एक ग्रंथ देणे मात्र पुष्कळांच्या आवाक्यात आहे.