आजोबांची बंदूक आणि तिचा कागद



सुरत शहर, नवसारी आणि सोनगड-व्यारा या पट्ट्यात आपली मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. सोनगड हे गायकवाडांचे जुने ठाणे आणि नवसारी हा बडोदे संस्थानाचा प्रांत. त्यामुळे आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज शिबंदीत, महसुलात नाहीतर वतनदारीत होते. त्या दिवसांची आठवण म्हणून कुणाच्या देवघरात तलवार आहे, तर कुणाच्या माळ्यावरच्या पेटीत दुनळी बंदूक आहे. दसऱ्याला ती बाहेर निघते, पुसली जाते, तिला हळदकुंकू आणि झेंडू वाहिला जातो आणि ती पुन्हा पेटीत जाते. या परंपरेचा आम्हाला अभिमान आहे. पण त्या बंदुकीचा परवाना कुणाच्या नावावर आहे आणि तो चालू आहे का, हे विचारले की पुष्कळदा उत्तर येते, "आजोबांच्या नावावर होता." आजोबांना जाऊन वीस वर्षे झालेली असतात.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. बंदूक वारशाने येत असेल, परवाना वारशाने येत नाही. तो त्या एका व्यक्तीला दिलेला असतो आणि तिच्याबरोबर संपतो. ज्या घरात अशी बिनपरवान्याची बंदूक पडून आहे, त्या घरातला मुलगा किंवा सून कुठलाही गुन्हा न करता गुन्हेगार ठरू शकते. हा प्रश्न आपण कुजबुजीत ठेवला आहे. तो आता उघडपणे सोडवायला हवा.

प्रथम तलवारीविषयी, कारण तिच्याबद्दल गैरसमज जास्त आहेत. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे तलवार, भाला, खंजीर यांना परवाना लागतो तो सरकारने कलम ४ खाली अधिसूचित केलेल्या भागातच. घरात पूजेसाठी ठेवणे आणि रस्त्यावर मिरवणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुजरात पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी सार्वजनिक ठिकाणी शस्त्र घेऊन फिरण्यास बंदी घालू शकतात, आणि सणासुदीला असे हुकूम निघतात. शिवजयंतीच्या किंवा विसर्जनाच्या मिरवणुकीत तलवार काढण्याआधी त्या दिवशी कुठला हुकूम लागू आहे, याची चौकशी पोलीस ठाण्यात करून घ्यावी. उत्साहाच्या भरात आपल्याच तरुण मुलांवर गुन्हे नोंदवले जावेत, हे कुणालाच नको आहे.

बंदूक, रिव्हॉल्व्हर, पिस्तूल यांची गोष्ट वेगळी. तिथे परवाना नसेल तर सबब चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याची शिक्षा किमान दोन वर्षे आणि कमाल पाच वर्षे कैद व दंड अशी झाली आहे. लष्कर-पोलिसांच्या बोअरचे म्हणजे प्रतिबंधित जातीचे शस्त्र असेल तर किमान सात वर्षे. "आम्ही कधी वापरलीच नाही" हे खरे असले तरी बाळगणे हाच गुन्हा आहे. बडोदे संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थानी काळातला पिवळा पडलेला कागद फ्रेम करून ठेवायला चांगला, पण त्याला आज परवान्याचा दर्जा नाही.

मग काय करावे? ज्यांच्या नावावर परवाना होता ती व्यक्ती निवर्तली असेल, तर वारसांनी विनाकारण विलंब न लावता शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे आणि पावती घ्यावी. कलम २१ ची ही सक्ती आहे. त्यानंतर वारसांपैकी एकाने आपल्या नावे परवान्यासाठी अर्ज करावा. इतर वारसांची लेखी ना-हरकत आधीच घेऊन ठेवावी, म्हणजे भाऊबंदकीत अर्ज अडकत नाही. जमा केलेले शस्त्र ठरलेल्या मुदतीत सोडवून घेतले नाही किंवा विकून टाकले नाही, तर ते सरकारजमा होऊ शकते. म्हणून पावती कपाटात ठेवून विसरून जाऊ नये.

परवानाधारक वडील हयात असतील तर मार्ग सोपा आहे आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे धारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केली किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षे झाली, यांपैकी जे आधी होईल तेव्हा तो आपल्या वारसाचे नाव सुचवू शकतो आणि त्या वारसाला परवाना मिळू शकतो. वडीलधाऱ्यांनी हे आपल्या डोळ्यांदेखत करून द्यावे. घर आणि जमीन यांचे कागद आपण वेळेवर करतो, मग यालाच का मागे ठेवतो? एक मर्यादा मात्र लक्षात असू द्या. पूर्वी एका व्यक्तीला तीन अग्निशस्त्रे ठेवता येत, डिसेंबर २०१९ पासून ही संख्या दोनवर आली आहे आणि वारसाहक्काचे शस्त्रही त्यातच मोजले जाते.

नव्याने परवाना मागणाऱ्यांसाठीही दोन शब्द. शहर हद्दीत पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हा दंडाधिकारी हे परवाना देणारे अधिकारी. अर्जदाराचे वय २१ पूर्ण हवे. ओळखीचे व पत्त्याचे पुरावे, वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण आणि शस्त्र का हवे याचे पटेल असे कारण लागते. पोलीस चौकशी होते. नियमांप्रमाणे पोलिसांनी ३० दिवसांत अहवाल द्यायचा आणि तो मिळाल्यापासून ६० दिवसांत अधिकाऱ्याने निर्णय करायचा असतो. नकार दिल्यास कारणे नोंदवावी लागतात आणि वरिष्ठांकडे अपील करता येते. जमीनजुमला नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही, हेही कायद्यात लिहिले आहे. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची आहे आणि राष्ट्रीय नोंदवहीतला यूआयएन क्रमांक त्यावर असावाच लागतो.

परवाना हातात आला म्हणजे मोकळीक मिळाली असे नाही. त्यावर कुठल्या हद्दीत चालेल ते लिहिलेले असते. गुजरातपुरता परवाना असलेल्या गृहस्थाने ताप्ती लाइनच्या गाडीत बसून बंदुकीसह नंदुरबारचे लग्न गाठले, तर नवापूर स्टेशनातच तो कायद्याबाहेर जातो, कारण त्या स्टेशनाच्या मधूनच दोन राज्यांची सीमा गेली आहे. वडिलांचे शस्त्र मुलाने गाडीत टाकून फिरवणे हाही गुन्हाच. दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला नेण्यासाठी धारकाची लेखी परवानगी लागते. वरातीत हवेत बार काढणाऱ्याला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हवेत गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच, आणि ती कुणाच्या लेकराच्या डोक्यावर येईल ते कुणी सांगावे? आपल्या समाजाच्या लग्नात हा प्रकार होता कामा नये.

काही मंडळी म्हणतात, आम्ही शिवरायांच्या मावळ्यांचे वंशज, आम्हाला कागद कसला मागता? त्यांना आमचे उत्तर शिवरायांच्याच कारभारातले आहे. मोहिमेवर निघताना सैनिकाजवळच्या वस्तूंची नोंद होई आणि परतल्यावर झडती घेतली जाई, असे सभासदाच्या बखरीत नमूद आहे. ज्या स्वाऱ्यांनी १६६४ आणि १६७० साली ही सुरत हादरवली, त्यांच्यामागे ही शिस्त होती. नोंदीची लाज मावळ्यांना वाटली नाही, तर ती आपल्याला का वाटावी?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इंग्रजांनी १८७८ चा शस्त्र कायदा करून या देशाला निःशस्त्र केले आणि गोऱ्यांना त्यातून सूट दिली. त्या अपमानाविरुद्ध काँग्रेसने ठराव केले. १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकांच्या हक्कांत नोंदवला गेला, पण नियमांच्या अधीन राहून. स्वतंत्र भारताने १९५९ चा कायदा केला तो हाच समतोल धरून. अमेरिकेत शस्त्र बाळगणे हा १७९१ पासून घटनात्मक हक्क आहे, आपल्याकडे तसे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली विनापरवाना शस्त्रांच्या सुळसुळाटाची आपणहून दखल घेताना हा फरक सांगितला आहे.

"चोराकडे कुठे परवाना असतो?" हा तिसरा प्रश्न सराफ, हिरे व्यापारी आणि रोकड नेणाऱ्यांकडून येतो. त्यांची भीती खरी आहे, ती आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण बेवारस पडलेली, नोंद नसलेली बंदूक चोरीला गेली तर ती त्याच चोराच्या हाती जाते, आणि घरच्यांना फिर्यादही नोंदवता येत नाही. आडमार्गाने परवाना काढून देणाऱ्या दलालांपासून तर चार हात दूरच राहा. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात दिल्या गेलेल्या दोन लाखांहून अधिक परवान्यांची सीबीआयने चौकशी केली आणि सनदी अधिकाऱ्यांच्या घरांचीही झडती झाली. ज्याने पैसे मोजून असा कागद घेतला, त्याचे पैसे गेले आणि पोलिसांचा ससेमिरा मागे लागला.

आपल्याला कागद नीट करायला सांगायचे आणि सरकारला मोकळे सोडायचे, असे आम्ही करणार नाही. आमच्या मागण्या साध्या आहेत. वारसाहक्काची जुनी शस्त्रे आपणहून जाहीर करणाऱ्या कुटुंबांना ठराविक मुदतीची सवलत द्यावी आणि त्या मुदतीत कुणावर खटला भरू नये. अहवालाचे ३० दिवस आणि निर्णयाचे ६० दिवस कागदावर न राहता पाळले जावेत. नकार असेल तर एका ओळीचे छापील उत्तर न देता कारण द्यावे. निवडणुकीच्या वेळी सरसकट सगळ्यांना शस्त्र जमा करायला न लावता, आयोगाच्या सूचनांप्रमाणे प्रत्येक परवानाधारकाची छाननी करूनच आदेश काढावा. मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवारापुढे, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, आपण या मागण्या ठेवाव्यात.

आपल्यालाही आपला वाटा उचलावा लागेल. येत्या दसऱ्याआधी घरातली पेटी उघडा. शस्त्र कोणते, परवाना कुणाचा, मुदत कधी संपली, याची टिपणी करा. गरज वाटल्यास वकिलाला सोबत घेऊन पोलीस ठाण्याची पायरी चढा. ज्यांना शस्त्र ठेवायचेच नाही, त्यांनी ते रीतसर जमा करावे किंवा परवानाधारकाला विकावे. त्यात कमीपणा काही नाही. ज्यांना ठेवायचे आहे, त्यांनी ते स्वतःच्या नावाने, कुलपात आणि चालू परवान्यासह ठेवावे. पूर्वजांनी शस्त्र घराच्या रक्षणासाठी घेतले होते. त्यापायी त्यांच्या नातवंडांना कोर्टाच्या फेऱ्या माराव्या लागू नयेत, एवढीच आमची कळकळीची विनंती आहे.