माळवदांची निगा

करमाळे हे रावरंभा निंबाळकरांचे ठाणे. बालाघाटाकडून पुण्यास आणि नगराहून सोलापुरास जाणारी वाहतूक येथे मिळत असे, म्हणून येथील पेठ वाढली. अशा पेठांतून आमच्या पूर्वजांनी जी धाब्याची घरे बांधली, त्यांची रचना विचारपूर्वक केलेली आहे. दगडी तळखड्यावर खांब, खांबांवर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर किलचण आणि त्यावर पांढऱ्या मातीचे माळवद. पर्जन्य बेताचा व ऊन प्रखर अशा या प्रदेशास हीच रचना मानवते.

परंतु घर बांधणाऱ्यांची दृष्टी ते राखणाऱ्यांत उरली नाही. माळवद गळू लागले की जुन्या थरावर नवी माती लोटावयाची, हा आमचा वार्षिक उपाय! प्रतिवर्षी भार वाढतो, आणि तो किती झाला हे कोणी पाहत नाही. या हयगयीचा परिणाम ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दिसला. त्यात सुमारे आठ हजार माणसे दगावली. अनेक घरांचे लाकडी सांगाडे उभे राहिले. पण चिखलात रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या आणि त्यांखाली निजलेली कुटुंबे गाडली गेली. तेव्हा दोष लाकडाचा नव्हे. आरपार दगड न घालता रचलेल्या भिंतींचा आणि माथ्यावरील अवजड मातीचा होता.

उपाय कठीण नाहीत. वैशाखातच जुना थर उतरवून बेताचा नवा थर द्यावा, उतार पन्हळीकडे ठेवावा, उगवलेले गवत मुळासकट काढावे. खांबाचे बूड व भिंतीत शिरलेली तुळईची टोके वाळवीसाठी ठोकून पाहावी. मातीच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा करू नये; तो ओल आत कोंडतो व लाकूड कुजवितो.

खरी अडचण पैशाची नसून भाऊबंदकीची आहे. भागीचे घोडे किवणाने मरते, तसा चौघांचा वाडा खर्च कोणी करावा या वादात खचतो. आमचे म्हणणे इतकेच की, वाटणीचा दावा खुशाल चालू द्यावा. दुरुस्तीचा खर्च मात्र हिश्श्याप्रमाणे आजच द्यावा. जुन्या वाड्यांत दुकाने थाटणाऱ्या व्यापाऱ्यांनीही भाडे देऊन आपले कर्तव्य संपले असे मानू नये. नगरपालिकेने केवळ नोटिसा न चिकटविता मृगापूर्वी जाणत्या सुतार-गवंड्यांकरवी घरे तपासून घ्यावी. भिंत कोसळल्यावर पंचनामा होतो. माणूस परत येत नाही.