रिसिव्हरला वेगळी शिदोरी

आमची ताई सातपूरला राहते. तिचा मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीत त्याने रिमोटवर चालणारी गाडी स्वतः जोडली. आधी तिला दोन सेलची लिथियम बॅटरी होती, म्हणजे ७.४ व्होल्टची. वेग वाढावा म्हणून त्याने सहा सेलची, २२.२ व्होल्टची बॅटरी बसवली. मैदानावर गाडी बाणासारखी सुटली आणि अर्ध्या वाटेत त्याचे ऐकेनाशी झाली. वळेना, थांबेना. पुढे लहान मुले खेळत होती. मध्ये वाळूचा ढीग आडवा आला म्हणून बरे!

ताई संतापली. म्हणाली, "भंगारात घाल तो डबा!" आम्ही म्हटले, "ताई, थांब. आधी चूक कुठे झाली ते तर पाहू."

गाडीत दोन कामे वेगळी असतात. मोटार ताकद लावते. रिसिव्हर रिमोटचा हुकूम ऐकतो आणि चाके वळवणाऱ्या सर्व्होला सांगतो. रिसिव्हरला साधारण पाच-सहा व्होल्ट पुरतात. छोट्या गाडीत ही वीज स्पीड कंट्रोलरमधील एक लहानसे सर्किट मोठ्या बॅटरीतून काढून देते. साध्या प्रकारचे सर्किट जास्तीचे व्होल्ट उष्णतेत घालवते. दोन अँपिअर प्रवाह धरला, तर ७.४ चे ५ व्होल्ट करताना सुमारे ५ वॅट उष्णता होते, २२.२ चे ५ करताना ३४ वॅट! एवढ्या उष्णतेवर सोल्डरिंग आयर्न चालते. सर्किट तापून बंद पडले. कंट्रोलर सहा सेल सोसणारा होता, हे सर्किट नव्हते. माहितीपत्रकात तसे छापलेही होते; वाचायचे राहिले होते.

भाचा म्हणाला, "पण मामा, मी फेलसेफ लावला होता." सिग्नल तुटला तर गाडीने थांबावे, अशी ती सोय. पण ती सोयही रिसिव्हरच्याच विजेवर चालते. रिसिव्हरच मेला, तर ब्रेक लावायला सांगणार कोण? मोटार बंद झाली तरी वेगातली गाडी धावतच राहते.

म्हणून जास्त व्होल्टच्या गाडीत रिसिव्हरला वीज वेगळी द्यावी. चार निकेल सेलची ४.८ व्होल्टची लहान बॅटरी चालते, किंवा कमी तापणारा स्विचिंग प्रकारचा वेगळा रेग्युलेटर. मात्र कंट्रोलरकडून रिसिव्हरकडे येणाऱ्या तीन वायरींपैकी मधली लाल वायर काढून तिच्या टोकाला टेप गुंडाळावी; नाहीतर दोन विजा एकमेकींशी भांडतात. काळी आणि सिग्नलची वायर तशीच ठेवावी. सर्व्हो व रिसिव्हर किती व्होल्टचे आहेत, ते आधी पाहावे. लहान बॅटरीही दर वेळी चार्ज करावी. आधी रिमोट सुरू करावा, मग गाडी. बंद करताना उलटे. पहिली चाचणी चाके अधांतरी ठेवून घ्यावी आणि धावताना समोर कोणी नसावे.

ही युक्ती खेळण्यापुरती नाही. विजेवरच्या मोटारगाडीतही चाके फिरवणारी बॅटरी शेकडो व्होल्टची, तर दिवे आणि कंट्रोल यांना बहुधा १२ व्होल्टची वेगळी बॅटरी असते. बॉम्ब हाताळणारे 'दक्ष' हे दुरून चालणारे वाहन आपल्या पुण्याजवळच्या दिघीच्या डीआरडीओ प्रयोगशाळेत तयार झाले. अशी कामे करणारी माणसेही कधीतरी वायरी जोडत-तोडतच शिकली असतील.

भाच्याने मग लाल वायर काढली, वेगळी बॅटरी बसवली आणि माहितीपत्रक ताईला वाचून दाखवले. ताई पुढच्या रविवारी स्वतः मैदानावर आली. पालकहो, मुलाची चूक झाली तर त्याच्या हातातले काम काढून घेऊ नका. त्याच्या शेजारी बसा आणि चूक शोधायला लावा.