खुर्चीवर बसलेले आणि मागे उभे

दिवाळीच्या तोंडावर कपाटं आवरायची रीत संस्थांमध्येही असते, आणि रद्दीत काय जावं हे तिथेही घाईतच ठरतं. म्हणून यंदा अंकाच्या आरंभी विद्यापीठांच्या जुन्या छायाचित्रांविषयी लिहितो आहोत. उदाहरण पुण्याचं घेऊ. गणेशखिंडीतली मुख्य इमारत ही मूळची मुंबईच्या गव्हर्नरची पावसाळ्यातली कोठी. बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत १८६४ साली काम सुरू झालं, १८७१ मध्ये पुरं झालं. २२ जून १८९७ च्या रात्री इथल्याच समारंभातून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. विद्यापीठ इथे आलं ते १९४९ मध्ये. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. यातल्या गव्हर्नरी काळाची फारशी काळजी नको. त्या वास्तूची छायाचित्रं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत सुरक्षित आहेत. धोका आहे तो नंतरच्या, म्हणजे आपल्याच काळाला. चांदीच्या क्षारांवर उमटलेले कृष्णधवल प्रिंट नीट धुतलेले असले तर शतकभर टिकतात. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या रंगीत प्रिंटचे रंग मात्र बंद अल्बममध्येही उडत जातात, आणि ॲसिटेटच्या निगेटिव्ह उष्ण, दमट हवेत व्हिनेगरसारखा वास सोडत आक्रसतात. लाटसाहेबाची बाग स्वच्छ दिसत राहील आणि १९८० सालच्या वसतिगृहातल्या मुली तांबूस धुरकटात जातील, असा हा उलटा न्याय आहे.

‘मग स्कॅन करून टाका’ हे उत्तर अर्धंच आहे. स्कॅनने चेहरा वाचतो, पण तो कोणाचा, कुठल्या साली, कुठल्या पायरीवर, हे हरवलं तर हाती उरते फक्त सजावट. आपल्याकडच्या समूहचित्रांखालच्या ओळी आठवून पाहा: ‘खुर्चीवर डावीकडून’ सगळी नावं पदव्यांसह, मागच्या रांगेला आडनावावर भागवलेलं, टोकाला उभ्या शिपायाला पुष्कळदा तेही नाही. हे फोटो समारंभांचे, बेतून काढलेले, त्यांतून इतिहास काय कळणार, असा आक्षेप रास्त आहे. पण कोण बसलं आणि कोणाला उभं ठेवलं, हीसुद्धा माहितीच. शिवाय म्हणून तर दप्तरी अल्बमवर न थांबता विभागांच्या सहली, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं, प्रयोगशाळा आणि माजी विद्यार्थ्यांच्या घरचे अल्बम यांच्याकडे जायला हवं.

प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या असताना हे चोचले कशाला, हा प्रश्न जड आहे. जागा भरण्याचा आग्रह आम्हीही सोडणार नाही. मात्र नावं लिहून घेण्याला लागतं ते पेन्सिल, आम्लरहित पाकिटं आणि इतिहास वा ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्या मुलांचं एक सत्र. त्या पैशात एकही पद भरलं जात नाही. नावं सांगू शकणारी माणसं मात्र थांबणार नाहीत. १९५० च्या दशकात इथे शिकलेले आज नव्वदीच्या आसपास आहेत, तेव्हा स्कॅनरची निविदा निघण्याआधी त्यांच्या घरी जाणं भाग आहे.